स्पेसर विकणाऱ्याला कोण विचारणार?

चाक मडगार्डच्या आत दबलेलं दिसलं की हौशी मोटारमालकाला चैन पडत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत, नाहीतर घरबसल्या फोनवरून त्यावर इलाज मिळतो. हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे स्पेसर. चाक वीस-पंचवीस मिलिमीटर बाहेर येतं आणि गाडी ऐटबाज दिसते. ॲडॅप्टर हा त्याचाच भाऊबंद. स्विफ्टच्या चार नटांच्या हबवर पाच नटांचं अलॉय चढवायचं असेल, तर तो मध्ये घालतात. खोक्यावर ‘फोर्ज्ड’, ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ असं ठळक छापलेलं असतं. माल तपासला कोणी, ते मात्र बहुतेकदा छापलेलं नसतं.

स्पेसर लावला म्हणजे अपघात ठरलेलाच, असं सांगणारेही अतिशयोक्तीच करतात. पोर्शने 911 साठी 5 आणि 17 मिमीचे स्पेसर स्वतः विकले आहेत, सोबत तितकेच लांब बोल्ट देऊन. बेअरिंग लवकर जातं ही तक्रार खरी, पण अर्धीच. ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर. ऑफसेट 40 च्या चाकामागे 20 मिमीचा स्पेसर घातला काय किंवा तेवढ्याच रुंदीचं, पण ऑफसेट 20 चं चाक घेतलं काय, बेअरिंगवर येणारा भार सारखाच. खड्ड्यात स्टेअरिंग हिसका देतं, तेही दोन्हीकडे.

खरी गोम नटबोल्टात आहे.

चाक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, टांगलेलं असतं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबलं जातं आणि भार पेलतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. ताण ढिला पडला की चाक दर फेऱ्याला केसभर सरकतं, स्टड पुनःपुन्हा वाकतो, थकतो आणि एक दिवस तुटतो. स्विफ्टचा स्टड 12 मिमी जाडीचा, त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिमी. नटाने निदान स्टडच्या जाडीइतके आटे पकडावेत, हा जुना ठोकताळा. म्हणजे साडेनऊ फेरे. मूळ स्टडवर नुसता सरकवलेला 5 मिमीचा स्पेसर त्यातले चार फेरे खाऊ शकतो. शिवाय हबच्या मध्यावरची जी कड चाकाला नेमकं केंद्रात बसवते, तीही त्या चकतीखाली झाकली जाऊ शकते.

जाड, बोल्टने बसणाऱ्या स्पेसरची आणि ॲडॅप्टरची तऱ्हा वेगळी. त्यांना नटांचे दोन संच असतात. एक संच स्पेसरला हबवर आवळतो, दुसरा चाकाला स्पेसरवर. पहिला संच चाकाच्या पाठीमागे दडलेला. पंक्चरवाला हवेच्या पान्याने बाहेरचे नट खडखडून आवळतो आणि गाडी सोडतो. आतल्यांपैकी एखादा सैल असला तरी चाक उतरवल्याशिवाय कळायचं नाही. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हबवर गंज धरतो. तो नीट न घासता त्यावर चकती बसवली, तर गंजाचा थर दबला की आवळ आपोआप कमी होतो. अशा गाडीच्या मालकाला टॉर्क पाना ठाऊक असायला हवा, हे मान्य. पण किती जणांकडे तो असतो?

चाक निखळलं की ते फक्त त्या मालकाचं दुखणं राहत नाही. मार्च 2023 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या महामार्गावर एका पिकअपचं पुढचं चाक सुटलं आणि शेजारून जाणारी किया सोल त्यावर चढून हवेत कित्येक फूट उडाली. चालक बचावला, हे नशीब. तिथे स्पेसर होता की नव्हता, हा मुद्दाच नाही. सुटलेलं चाक दुसऱ्याच्या गाडीचं काय करतं, ते त्या घटनेच्या चित्रफितीत दिसतं.

ऑस्ट्रेलियाच्या वाहनबदल संहितेनुसार कंपनीने मुळात दिलेला नसेल तर स्पेसर चालत नाही. जर्मनीने दुसरी वाट धरली. कोणत्या मॉडेलला, कोणत्या चाकासोबत, किती जाडीचा स्पेसर चालेल हे तपासणी अहवालात लिहिलेलं असतं, आणि ट्यूफसारख्या संस्थेचे अभियंते बसवलेलं काम पाहून घेतात.

आपल्याकडे कागदावर मनाई आणि बाजारात मुभा. मोटार वाहन कायद्याचं बदलांवर बंधन घालणारं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, आणि कलम 182-अ नुसार मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा मात्र निवांत. वास्तविक त्याच कलमात सुरक्षेच्या दृष्टीने अतिमहत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग निकषाबाहेरचे विकले, तर दर नगामागे एक लाख रुपये दंडाची किंवा वर्षभरापर्यंत कैदेची, किंवा दोन्हींची तरतूद आहे. केंद्राने स्पेसर आणि ॲडॅप्टर त्या यादीत घालावेत आणि त्यांचे निकष ठरवावेत. चाचणीसाठी दूर जायला नको, पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनचाचणी संस्था आहेच. निकषात बसणारा माल जाडी, मॉडेल आणि टॉर्कचा आकडा छापून खुशाल विकावा.

तोवर ज्यांच्या गाडीत स्पेसर आधीच बसलेला आहे, त्यांनी या आठवड्यात चारही चाकं उतरवून आतले नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळून घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. मूळ स्टडवर नुसती सरकवलेली चकती असेल, आणि नटाला पुरते आटे मिळत नसतील, तर ती काढूनच टाकावी.