गांजा हराम आहे. पण ओढणारा मुलगा गुन्हेगार आहे का?

गेल्या रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातली एक आई माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचे कागद होते. त्याने एसी दुरुस्तीचा कोर्स केलेला, आखातातल्या एका कंपनीत निवड झालेली, मेडिकलही पास. अडलं होतं पोलीस क्लिअरन्सपाशी. दोन वर्षांपूर्वी मैदानाच्या कोपऱ्यात मित्रांबरोबर गांजा ओढताना तो पकडला गेला होता. ‘तारखांना फेऱ्या मारण्यापेक्षा गुन्हा कबूल कर, दंड भर आणि घरी जा,’ असा सल्ला त्याला मिळाला आणि त्याने तो ऐकला. दंडाच्या पावतीबरोबर आपल्या नावावर गुन्हा सिद्ध झाला, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आई म्हणाली, “भाईजान, त्याने चूक केली, मी नाही म्हणत नाही. पण कुणाच्या घरात चोरी तर केली नाही ना?”

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

गांजा कायदेशीर करावा की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि विझतो. २०१६ मध्ये पतियाळाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी या विषयावर खासगी विधेयक पुढे आणलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून वगळण्याच्या बाजूने २७ देशांनी मत दिलं, त्यात भारतही होता. आपल्या मोहल्ल्यात मात्र हा वाद एका वाक्यात संपतो: “हराम आहे, विषय बंद.”

हराम आहे, हे मलाही मान्य आहे. पण विषय तिथे बंद होत नाही. आपल्या परंपरेतही तो बंद झाला नव्हता. हशीश मुस्लिम समाजात पसरली तेव्हा फकीहांनी तिच्यावर भरपूर लिहिलं. ती हराम आहे, यावर त्यांच्यात फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो शिक्षेवर. इब्न तैमियांनी दारूइतकीच ठरलेली शिक्षा सांगितली, तर इतर अनेकांनी ती ताजीर मानली, म्हणजे माणूस आणि परिस्थिती पाहून काझीने ठरवायची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत एका अमीराने हशीश खाणाऱ्यांचे दात उपटण्याची शिक्षा सुरू केली. इतिहासकार मक्रिझींनी ते नोंदवलं आणि पुढे हशीश पुन्हा उघडपणे खाल्ली जाऊ लागली, हेही नोंदवलं. म्हणजे एखादी गोष्ट गुनाह आहे का, हा एक प्रश्न. आणि ती करणाऱ्याशी सरकारने कसं वागावं, हा दुसरा. आपण हे दोन प्रश्न एकाच पोत्यात भरतो आणि ते पोतं पोलीस चौकीवर नेऊन ठेवतो.

आता आपला कायदा पाहू. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक, दोन्ही गुन्हा. त्याच झाडाची नुसती पानं मात्र या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांग या केंद्रीय कायद्यातून सुटते आणि तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. हे सांगताना मला कुणाच्या सणाकडे बोट दाखवायचं नाही. दर्ग्याच्या मागच्या बाजूला मलंगांची चिलीम आपणही पाहिली आहे आणि मान वळवून पुढे गेलो आहोत. सांगायचं एवढंच, की कायद्याची ही रेघ फक्त वैद्यकशास्त्राने ओढलेली नाही. तिच्यात रूढी आहे, राजकारण आहे. माणसांनी ओढलेली रेघ माणसांना तपासताही येते.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षभरात सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी गांजा किंवा चरस घेतला. एवढ्यांना पकडणं कुठल्याही सरकारला शक्य नाही. मग पकडलं कुणाला जातं? बंद फ्लॅटमध्ये ओढणाऱ्याच्या दारावर सहसा कुणी थाप मारत नाही. पकडला जातो तो नाल्याच्या कडेचा, पुलाखालचा, मैदानातला. ज्याला घरात स्वतःची खोली नाही तो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ मधल्या दहा हजारांहून जास्त खटल्यांचा अभ्यास केला. त्यातले जवळजवळ सगळे खटले स्वतः सेवन केल्याचे होते आणि बहुतेकांत पदार्थ होता गांजा. ज्या कायद्याची जाहिरात तस्करांचा काळ म्हणून होते, त्याच्या जाळ्यात रोज अडकते ती हातगाडीवरची, गॅरेजमधली पोरं.

आणि वकील, पैसा, ओळख असूनही काय होऊ शकतं, ते २०२१ मध्ये आपण पाहिलं. क्रूझ प्रकरणात आर्यन खान जवळपास चार आठवडे कोठडीत होता; पुढच्या वर्षी तपास यंत्रणेनेच पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं. त्याच्यासाठी देशातले नामवंत वकील उभे होते. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या मुलासाठी कोर्टाच्या पायरीवर फक्त त्याची आई उभी होती.

मग गांजाची दुकानं उघडायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. कॅनडाने २०१८ मध्ये विक्री कायदेशीर केली. प्रौढांवरचे खटले कमी झाले. पण गांजा घातलेली चॉकलेटं, गोळ्या चुकून खाल्ल्याने दवाखान्यात आणाव्या लागणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढली. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. कोवळ्या वयात, नियमित, जास्त ताकदीचा गांजा घेतला तर मनोविकाराचा धोका वाढतो, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गुटख्याच्या कंपन्यांनी आपल्या वस्त्यांचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. त्यात आणखी एका नफेखोर धंद्याची भर मला नको.

पण दुकान आणि तुरुंग यांच्यामध्ये तिसरा रस्ता आहे. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता थोडा साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विक्री अजूनही गुन्हाच आहे. पण सापडलेल्या माणसाला कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे नेतात आणि गरज असेल तर उपचाराकडे वळवतात.

एवढ्या दूर जायलाही नको. १९८५ मध्ये आपल्याकडे एनडीपीएस आला आणि १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. त्याच येरवड्यात तुरुंगही आहे. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं एका वस्तीत उभी आहेत. त्यांतल्या कुठल्या उत्तरावर आपण, समाज म्हणून, जास्त खर्च केला?

या कायद्यातही एक खिडकी आहे. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. ही खिडकी आमच्या त्या मुलाला कुणी दाखवली नाही. मीही नाही, कारण तेव्हा मलाच ती माहीत नव्हती.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. विक्री आणि तस्करी गुन्हाच राहो. मात्र स्वतःपुरत्या अल्प सेवनासाठी अटक आणि गुन्ह्याची नोंद नको. समुपदेशन आणि उपचार हवेत. ही मागणी जगावेगळी नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेही २०२१ मध्ये याच दिशेची शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आणि आपल्या बाजूचं काम? जुम्म्याच्या बयानात नशा हराम असल्याचं आपण ऐकतो; त्यातून बाहेर कसं पडायचं ते क्वचितच ऐकतो. मुलगा ओढतो हे कळलं की घरात आधी विचार येतो तो बहिणीच्या स्थळाचा. आपण लपवतो, मग मारतो, मग हात झटकतो. इमामसाहेबांनी एका जुम्म्याला ‘हराम’बरोबरच १४४४६ हा शासनाच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक सांगितला, तर त्या मिंबरचं महत्त्व कमी होणार नाही. शरियतच्या उद्दिष्टांत अकलेची हिफाजत आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच यादीत जीव, संतती आणि मालाची हिफाजतही आहे. एका सिगारेटपायी मुलाची रोजी जाते, घर कर्जात बुडतं, तेव्हा यांतलं नेमकं काय वाचलं?

तरुण मित्रांनो, हे वाचून कुणी ‘संपादकांनी परवानगी दिली’ असा अर्थ काढू नये. गांजापासून लांब राहा. अडकला असाल तर मोठ्या भावाला, आपाला, डॉक्टरला सांगा; आमच्याकडे या, कुणी नाव विचारणार नाही. आणि मित्र पकडला गेला, तर दंड भरून मोकळं होण्याआधी त्याला मोफत विधी सेवेच्या वकिलाकडे न्या आणि कलम ६४-अ बद्दल विचारा.

तो मुलगा सध्या इथेच एका दुकानात एसी दुरुस्त करतो. गांजा सोडून त्याला वर्ष झालं. तो त्याने पोलिसांच्या धाकाने सोडला नाही. अम्मीला रात्री मुसल्यावर रडताना पाहिलं आणि सोडला. त्याने तौबा केली आहे. ती तौबा कबूल करायला त्याचा रब समर्थ आहे. पोलिसांच्या नोंदीत मात्र तौबेला रकाना नाही, आणि तो असावा यासाठी बोलणं हे आपलं काम आहे.