हिरड्याचे माप

मुळशी-ताम्हिणीच्या रानातला हिरडा वजनावर विकला जातो. केंद्राने २०१३-१४ मध्ये लघुवनोपजांना आधारभूत किंमत दिली, तीही किलोवरच. अर्क काढणाऱ्या कारखान्याला मात्र हवी असतात त्यातील टॅनिनवर्गीय अँटिऑक्सिडंट द्रव्ये. विकणारा किलो मोजतो, घेणारा द्रव्य. नफा या तफावतीत आहे.

ही द्रव्ये काढण्याची श्राव्यातीत ध्वनीची रीत आता प्रयोगशाळांत रुळली आहे. चूर्ण पाण्यात वा अल्कोहोलात कालवून सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांचा ध्वनी सोडला, की सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात आणि त्या धक्क्याने पेशीभित्ती फाटते. तासांचे काम बहुधा मिनिटांत होते. ध्वनी अति झाला तर मात्र द्रव्यच नासते. मापन त्याहून सोपे. डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालावा. ते जितके पिवळे पडेल, तितका अर्क जोरकस. ५१७ नॅनोमीटरवर प्रकाशाचे शोषण मोजले, की आकडा हाती येतो. (परीक्षानळीतला जोर म्हणजे औषधी गुण नव्हे, हे जाहिरातदार सांगत नाहीत.)

असा आकडा प्रत्येक खरेदी केंद्रावर, सौदा होण्यापूर्वी, फळ्यावर लागला पाहिजे. उपकरणे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत आहेतच. नमुन्याचा खर्च खरेदीदाराने सोसावा. एरवीही तो माल तपासून घेतोच, फक्त निकाल विकणाऱ्याला कळत नाही.