भूकंपप्रवण खेड्यांस हवा गावचाच गवंडी

आपत्ती कोसळली म्हणजे गावाच्या साहाय्यास बाहेरून माणसे धावून येतात. परंतु ती येण्यापूर्वी आणि परत गेल्यानंतर गावास आपल्याच माणसांच्या हातांवर विसंबावे लागते. म्हणून अशा भागांतील तरुणांस कोणता धंदा शिकवावा, हा प्रश्न केवळ रोजगाराचा नाही. तो गावाच्या जीविताचा आहे. मराठवाड्यातील दगडमातीच्या घरांच्या खेड्यांपुरते बोलावयाचे, तर गवंडीकामास पहिला मान दिला पाहिजे.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा बळी त्यांच्या स्वतःच्या घरांनीच घेतला. त्या घरांच्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती दिसावयास भक्कम होत्या. परंतु आतील व बाहेरील अंग निरनिराळे रचून मधली जागा चिपा आणि माती यांनी भरलेली असे. दोन्ही अंगांस एकत्र धरणारा लांब दगड क्वचितच असे. वर माळवदाचा भार, आणि गळती थांबविण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षे चढविलेली माती. धक्का बसताच भिंतीची दोन्ही अंगे अलग झाली व सारा भार झोपेतील माणसांवर आला.

यात जुन्या गवंड्यांस दोष देणे योग्य होणार नाही. १९९३ पूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित विभागात गणला जात असे. जे संकट कोणाच्या मनातही नव्हते, त्याची विद्या त्यांस कोण शिकविणार?

आज ती विद्या उपलब्ध आहे आणि ती अवघडही नाही. भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचणारा दगड उंचीत दर दोन फुटांस व लांबीत दर चार फुटांस घालावा. कोपऱ्यांतील दगड एकमेकांत गुंतवावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घरास चहूबाजूंनी सळई-काँक्रीटचा पट्टा द्यावा. माळवदावरील जादा माती उतरवावी. मात्र एकदा गिलावा चढला, की चांगली भिंत व वाईट भिंत सारखीच दिसते. घरधन्यास आतले दिसत नाही. त्यामुळे त्याच्या कुटुंबाचे प्राण गवंड्याच्या ज्ञानावर आणि सचोटीवर अवलंबून राहतात.

भूकंपानंतर सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. इतर गावांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती शासनाच्या अर्थसाहाय्याने आणि अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली घरमालकांनीच करून घेतली. गावोगावी नेमलेल्या महिला संवाद सहायकांनी ही माहिती घरोघर पोचविली. समजावून दिल्यास खेड्यातील माणूस हे काम उत्तम करतो, याचा तो पुरावाच होय. परंतु त्या वेळी शिकलेले हात आता वृद्ध झाले आहेत आणि आजच्या तिशीतील तरुणास तो भूकंप आठवतही नाही. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात बसलेले धक्के पाहता ही विस्मृती परवडणारी नाही.

शिक्षण कसे असावे

कोरडवाहू भागात रब्बीची काढणी झाल्यापासून मृगापर्यंत तरुणांस शेतात फारसे काम नसते. बांधकामाचा हंगामही हाच. तेव्हा शिक्षणवर्ग याच काळात भरवावेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात प्रत्यक्ष घर बांधता बांधता ४५ दिवस शिकविण्याची पद्धत आहे. ही पद्धत योग्यच आहे. ओळंबा आणि थापी हाती घेतल्यावाचून गवंडी तयार होत नाही. मात्र नव्या घरांबरोबर जुन्या दगडी घरांच्या मजबुतीचा पाठही तीत आवर्जून असावा, कारण धोका खरा तेथे आहे. या वर्गांत मुलींनाही प्रवेश असावा.

धंदा शिकलेला तरुण शहराची वाट धरील, अशी शंका कित्येक शेतकरी घेतात. काही जण जातीलही. परंतु ज्यास गावातच घरकुले, गोठे व दुरुस्तीची कामे मिळतात, तो सहसा गाव सोडीत नाही. ही कामे बाहेरच्या ठेकेदारास द्यावयाची की गावच्या शिकलेल्या मुलास, हे अखेर गावकऱ्यांच्याच हाती आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावातून निदान दोन होतकरू तरुण निवडून वर्गास पाठवावेत व परतल्यावर त्यांच्या हातून एक जुने घर सर्वांसमक्ष मजबूत करवून घ्यावे. शेतकरी बियाणे निवडताना जी चौकशी करतो, तीच घर बांधावयास काढताना गवंड्याच्या बाबतीत करावी. भिंतीत आरपार दगड पडत आहेत की नाही, हे गिलाव्यापूर्वी स्वतः पाहावे. बियाणे चुकले तर एक हंगाम बुडतो. भिंत चुकली तर घरातील माणसे जातात.