उद्घाटन छापले, सामना राहिला

पावसाळा ओसरू लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मैदानांवर पुन्हा चुन्याच्या रेषा पडतात आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम सुरू होतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांच्या जोडीला बास्केटबॉलचेही सामने होतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्यांची बातमीही येते. ही बातमी कशी असते हे वाचकांस ठाऊक आहे. स्पर्धेचे उद्घाटन अमुक मान्यवरांच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी तमुक होते, खेळाने शरीर व मन सुदृढ होते असे उद्गार प्रमुख पाहुण्यांनी काढले, सूत्रसंचालन एका प्राध्यापकांनी केले आणि आभार दुसऱ्यांनी मानले. जागा उरलीच तर शेवटच्या ओळीत विजयी संघाचे नाव. तो किती गुणांनी जिंकला, कोणाविरुद्ध जिंकला, कोणाच्या खेळाने जिंकला, हे क्वचितच छापलेले आढळते. छायाचित्रात चेंडू असतो खरा. पण तो पाहुण्यांच्या हातात असतो.

एवढ्या लहान गोष्टीसाठी पहिल्या पानावरील अग्रलेख कशाला, असा प्रश्न काही वाचक करतील. परंतु मैदानाच्या कडेला उभा राहून हे सामने पाहणारा एक वर्ग आपल्या शहरांत आहे, आणि त्याला मते आहेत. आजीमाजी खेळाडू, खेळाडूंचे पालक, शाळांतले क्रीडाशिक्षक, जवळच्या वसाहतीतील निवृत्त मंडळी असा हा वर्ग. त्याची मते कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर आणि हल्ली मोबाइलवर अखंड चालू असतात. ती थोडी कान देऊन ऐकली तर त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसून येते. खेळाविषयी ती फार थोडी असतात, निवडीविषयी फार. ‘संघ आधीच ठरलेला होता’, ‘पंच त्यांचे धार्जिणे’, ‘त्या संस्थेचा मुलगा आहे, मग बाहेर कसा बसेल’, ‘धुळ्याच्या मुलांना जळगावात कोण विचारतो’. शेवटचे वाक्य धुळ्यात ऐकू येते; जळगावात त्याचे उत्तर तयार असते, तेही तितकेच कडवट.

हा वाद चेंडूहून जुना आहे. १९०६ साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. तोवर साऱ्या खानदेशाचे ठाणे धुळे होते. त्यानंतर जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे झाले आणि दोन शहरांत तुलनेची जी सवय लागली ती आजतागायत गेलेली नाही. १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले व जळगावनजीक गिरणेकाठी वसले. २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. खानदेशच्या मुलांना खानदेशचे विद्यापीठ लाभले ही मोठीच प्राप्ती. परंतु विद्यापीठाचा संघ म्हणजे आता तिन्ही जिल्ह्यांचा एक संघ, आणि बास्केटबॉलच्या संघात जागा अवघ्या १२. एका जागेसाठी दोन शहरे, चार संस्था आणि दहा घराणी डोळे लावून बसली की निवडीवर संशय येणारच. तो खरा असेल अथवा खोटा. मुद्दा असा की, तो खरा की खोटा हे ठरविण्याचे कोणतेही साधन आज प्रेक्षकाच्या हाती नाही.

खानदेशच्या प्रेक्षकाला खेळ कळत नाही असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. गावच्या यात्रेतील कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. तेथे हलगी थांबली की गर्दी थांबते. कोणता डाव पडला, तो कोणी कसा उलटविला, कुस्ती बरोबरीत सोडविली ती योग्य की अयोग्य, यावर शेतकरी, शिंपी आणि शिक्षक एकाच अधिकाराने बोलतात. आणि त्यांच्या बोलण्याला वजन असते, कारण सर्वांनी तेच पाहिलेले असते. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ व २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदी नेमले गेले. त्यांच्या यशाबद्दल खानदेशात कोणाच्या मनात किंतु आला नाही. त्यांच्या कुस्त्या लोकांनी पाहिल्या होत्या आणि वृत्तपत्रांनी निकालासह छापल्या होत्या. उजेडात मिळविलेल्या यशाला असूया चिकटत नाही, निदान फार काळ चिकटत नाही.

महाविद्यालयीन सामन्यांना असा उजेड नाही. विशेष म्हणजे बास्केटबॉल हा असा खेळ आहे की, ज्याचा पुरावा खेळता खेळताच कागदावर उमटतो. मैदानाच्या कडेला मेजाशी बसलेला गुणलेखक प्रत्येक टोपलीची नोंद खेळाडूच्या क्रमांकासह करतो. कोणी किती गुण मिळविले, कोणाचे किती फाउल झाले, पाचव्या फाउलनंतर कोणाला बाहेर जावे लागले, १२ पैकी कोण मैदानात उतरले आणि कोण शेवटपर्यंत बाकावर राहिले, हे सारे त्या एका स्कोअरशीटवर असते. सामन्याच्या शेवटी पंच तिच्यावर सही करतात. ज्यांनी अध्यापन केले आहे त्यांना या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. उत्तरपत्रिका दाखविली नाही तर वर्गातला शेवटचा विद्यार्थीही निकालावर विश्वास ठेवीत नाही, आणि दाखविली तर नापास झालेलाही बहुधा गप्प बसतो. वृत्तपत्राला या कागदावरच्या दहा ओळी पुरतात. पाहुण्यांच्या नामावलीला याहून अधिक जागा लागते.

येथवर हा प्रश्न केवळ रुखरुखीचा वाटेल. तो तसा नाही. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. विद्यापीठाच्या संघात स्थान मिळाले की आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते, तेथून वरच्या स्पर्धांचे, आणि त्या वाटेवर मिळालेल्या प्रमाणपत्रावर पुढे एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. जेथे कागदाला एवढी किंमत येते तेथे खोटा कागदही येतो. गेल्या काही वर्षांत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या बळावर सरकारी नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, आणि त्यांत ट्रॅम्पोलिनसारख्या, ज्याचे सामने सामान्य माणसाने कधी पाहिले नाहीत अशा खेळाचे नाव निघाले. हा योगायोग म्हणता येणार नाही. जो खेळ कोणी पाहत नाही आणि ज्याचा निकाल कोठे छापला जात नाही, त्याचे खोटे प्रमाणपत्र तयार करणे सर्वांत सोपे. शासनाने पडताळणीची पद्धत घातली आहे. क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्र तपासून घ्यावे लागते. परंतु कार्यालयातील तपासणी अखेर कागदावरून कागदाची. अमुक दिवशी अमुक मैदानावर हा मुलगा खेळला, हे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात निकालासह छापलेले असणे ही त्याहून निराळी साक्ष आहे. तिला हजारो वाचक साक्षीदार असतात.

मुलींच्या बाबतीत तर या दहा ओळींचे मोल याहूनही अधिक. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने सरावाला येणाऱ्या मुलीला घरी रोज काय उत्तर द्यावे लागते याची कल्पना शहरातील सुशिक्षित वाचकांनी करून पाहावी. वृत्तपत्रात नाव आणि गुण छापून आले की त्या घरात दुसऱ्या दिवशी निराळी भाषा बोलली जाते. ‘मुलींमध्येही अमुक महाविद्यालय विजयी’ एवढ्या अर्ध्या वाक्याने ते घडत नाही.

बास्केटबॉलची जन्मभूमी अमेरिका. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सज्जाला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधला. पुढे १८९८ साली ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले मार्गदर्शक झाले. खेळाचा जनक असूनही त्यांच्या कारकिर्दीत संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक भरले, आणि हे आज आपल्याला सांगता येते कारण प्रत्येक सामन्याचा गुणांक लिहून ठेवलेला आहे. ते विद्यापीठ ज्या लॉरेन्स गावात आहे त्याची वस्ती सुमारे ९५ हजार, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील धुळे शहराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी. तरी तेथील क्रीडागृहात १५ हजारांवर माणसे बसतात, आणि गावचे वृत्तपत्र विद्यापीठाच्या संघाविषयी वर्षभर लिहीत असते.

त्या देशाचे सर्वच अनुकरणीय आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथे पैसा आला, पैज आली आणि पैजेबरोबर लाचही आली. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली राष्ट्रीय स्तरावरील दोन्ही स्पर्धा जिंकल्या आणि पुढच्याच वर्षी, गुणांतील अंतर कमी राखण्यासाठी तेथील काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याचे उघड झाले. हे प्रकरण बाहेर काढण्यात मॅक्स केस या क्रीडा-संपादकाचा मोठा वाटा होता. त्याबद्दल १९५२ साली पुलित्झर पुरस्काराच्या समितीने त्यांचा विशेष गौरव केला. अति प्रसिद्धीने खेळ बिघडतो असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. बिघडलेला खेळ उघडा पाडला तो क्रीडापान लिहिणाऱ्याने.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट वस्तीतील मैदानावरून अब्बास मुंतसिर भारताच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधारपदापर्यंत आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. त्या मैदानाला प्रेक्षक होते, जाणते होते आणि तोंडावर बोलणारे होते. चुकलेला पास खपवून न घेणारी गर्दी ही अर्धी मार्गदर्शकच असते.

महाविद्यालयांकडून एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. खेळणारी मुले १८-२० वर्षांची. त्यांच्यावर वृत्तपत्रांतून टीका झाली तर ती खचतील, अभ्यास आणि खेळ दोन्हींस मुकतील. मुलांच्या बाबतीत हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. एखाद्याचा नेम चुकला यावरून त्याची जाहीर खिल्ली उडविणे हा रानटीपणा होय. पण मुलांच्या आडून कारभार लपविता येणार नाही. निवड चाचणीची तारीख सर्व महाविद्यालयांना वेळेवर कळविली होती काय? सराव शिबिर किती दिवस चालले? विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडा शुल्काचे काय झाले? संघ बाहेरगावी गेला तो आरक्षित डब्यातून की रात्रभर उभा राहून? ही टीका खचविणारी नाही. मुलांना तिची गरज आहे आणि ती त्यांना स्वतःला करता येत नाही, कारण ज्यांच्यावर करायची त्यांच्याच हाती त्यांची निवड असते.

वृत्तपत्रांचा आक्षेप निराळा असतो. असल्या बातम्या वाचतो कोण? सानेगुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते तेव्हा तेथील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत. वाचकसंख्येचा हिशेब मांडला असता तर पहिल्याच दिवशी ते बंद पडले असते. ते चालले, कारण ज्याच्याविषयी लिहिले होते तोच ते वाचीत होता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. या मंडळाने एक साधा नियम करावा: आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय प्रत्येक सामन्याची सही झालेली स्कोअरशीट त्याच संध्याकाळी प्रसिद्धीसाठी खुली करावी, आणि विद्यापीठाचा संघ जाहीर करताना निवड समितीवर कोण होते हेही जाहीर करावे. यास अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. क्रीडागृह केव्हा बांधले जाईल ते जावो. सिमेंटच्या उघड्या मैदानावरही गुण लिहिता येतात.

प्रेक्षकांचीही एक जबाबदारी आहे. हंगामातील सामन्यांविषयी त्यांची पत्रे छापण्यास या दैनिकात जागा राखून ठेवण्यात येईल. पत्रात सामन्याचा दिवस, मैदान आणि अंतिम गुण द्यावेत, खाली लिहिणाऱ्याचे नाव व गाव असावे. खेळाडूच्या जातीचा, घराण्याचा अथवा संस्थेच्या अध्यक्षांच्या आडनावाचा उल्लेख असलेले पत्र घेतले जाणार नाही. ज्यांच्या कारभारावर पत्रात आक्षेप असेल त्यांचे उत्तर आले तर ते त्याच जागी, त्याच टंकात छापले जाईल.