खालची थंडी



दिवाळीच्या मागेपुढे कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. वाटेत रात्र झाली की उभ्या ट्रॉलीतच अंथरूण पडते. कारखान्यावर पोचले की कोपी. पुढे कित्येक महिने हेच घर. तेव्हा त्या घराच्या जमिनीबद्दल आज दोन शब्द.

“तीन वाकळा घेतल्या तरी गारठा जाईना,” असे पुष्कळ जण म्हणतात. वाकळा अंगावर असतात, थंडी येते खालून. पहाटे अंगणात पडलेले फावडे उचलून पाहा. पाते गार लागते, दांडा तितका लागत नाही. रात्रभर दोन्ही एकाच थंडीत होती. फरक इतकाच, की लोखंड हाताची ऊब लाकडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. ट्रॉलीचा पत्राही रात्रभर पाठीची ऊब अशीच ओढतो.

हे थांबवते ती कोंडलेली हवा. घोंगडीच्या लोकरीत, कडब्यात, पाचटात हवा अडकून बसते, म्हणून ती ऊबदार. जड वस्तू म्हणजे ऊबदार वस्तू असे नव्हे. आपली माळवदाची घरे थंडीत ऊबदार होती खरी, पण १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड मातीखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. ऊब हलक्या वस्तूनेही मिळते.

ट्रॉलीत असे करा. पत्रा झाडून कोरडा करा. त्यावर जुन्या फळ्या किंवा बांबूच्या कामट्या मांडा. स्वच्छ गोण्यांत कोरडे पाचट किंवा साळीचा पेंढा सैल भरून तोंडे शिवा आणि त्या एकमेकींना चिकटून पसरा. दाबून कोंबू नका, हवा निघून जाते. माणूस झोपल्यावर चार बोटे जाडी उरली पाहिजे. वर गोणपाट, मग घोंगडी. औषधाची पोती मात्र चुकूनही वापरू नका.

कोपीत आधी मुरूम टाकून जमीन वीतभर उंच करा, भोवती चर काढा. सारवण पूर्ण वाळू द्या. ओल वर येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर गोण्या.

ओले पाचट काही कामाचे नाही. श्वासाची वाफ गार पत्र्यावर जमते आणि गोण्या खालून दमट होतात. म्हणून रोज सकाळी त्या उचलून उभ्या करा आणि आठवड्याला उन्हात टाका. विंचू-किरडूही त्यामुळे दिसते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पाचट क्षणात पेटते. चूल, चिमणी, विडी त्यापासून लांब ठेवा. आणि ताडपत्री बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शिवाय ही सोय उभ्या ट्रॉलीची आहे. चालत्या ट्रॉलीत, उसावर तर नाहीच, लेकरे झोपवू नका.

तान्ह्या बाळाची ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर जाते. त्याला टोपडे घाला, आईने छातीशी उघड्या अंगाला लावून वरून पांघरावे. हातपाय गार पडले, बाळ मलूल झाले, अंगावर ओढेना, तर सकाळची वाट पाहू नका. छातीशी धरूनच दवाखाना गाठा. मुकादम काय म्हणेल, खाडा पडेल, हा विचार त्या वेळी करू नका.

फडात पाचटाला तोटा नाही. पोचलात त्याच संध्याकाळी चार गोण्या भरा. दिवसभर कोयता चालवणाऱ्या पाठीला रात्री निदान कोरडी, ऊबदार जागा मिळायला हवी.