बार्जचा तळ कोण पाहतो?

तारली वर सरकली, याचं खापर कोकणातल्या दिघीत कुणावर फोडायचं? ही मलबारची मासळी. १९८५ पूर्वी तिची जवळजवळ सगळी पकड ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात व्हायची. नंतर ती १४ ते २० अंशांतही जाळ्यात येऊ लागली. दिघी १८ अंशांच्या थोडी वर आहे. पाणी तापलं, मासळी सरकली. जाळी फाडणारा केंड मासाही इथलाच. त्याचे थवे वाढले म्हणून तो परका होत नाही. अरबी समुद्राचं तापमान दिघीच्या कोळ्यांच्या हातात नाही, दिघीच्या बंदराच्याही नाही.

बंदराच्या हातात जे आहे, ते बोटाच्या पेराएवढं आहे. मायटिलॉप्सिस सॅली नावाचा काळपट शिंपला. मूळचा कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा. आपल्याकडे तो १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात सापडला आणि सत्तरच्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. लाकूड, लोखंड, दगड, दोर, जे मिळेल त्याला तो चिवट धाग्यांनी चिकटतो. त्याच्या पाठीवर दुसरा बसतो, दुसऱ्यावर तिसरा. थोड्याच काळात खाली काय होतं ते दिसेनासं होतं. पाणी खारं असो की जवळजवळ गोडं, तो तग धरतो. पावसाळाभर डोंगराचं पाणी उतरणारी दिघीची, म्हणजे राजपुरीची, खाडी अशा जिवाला मानवणारीच आहे. तापत्या पाण्याने इथल्या कालवांचा जीव मेटाकुटीला आला, तर या सोशिक परक्याला रान मोकळं मिळेल. मासळी स्वतः पोहत येते. हा शिंपला आपण आणतो.

१९९९ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात आढळला. होड्या उभ्या करायच्या एका मरीनात चौरस मीटरला वीस हजारांवर शिंपले भरले. सरकारने तीन मरीना बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. आतले बाकीचे जीव मेले तरी चालतील, असा कठोर निर्णय घेतला आणि काही आठवड्यांत शिंपला संपवला. हे जमलं, कारण त्या मरीनांना बंद करता येणारी दारं होती. राजपुरीच्या खाडीला दार नाही. तिथे मोरचूद ओतायची कल्पनाही कुणी करू नये. म्हणजे इथे जे काही करायचं ते शिंपला येण्याआधीच. आल्यावर काय होतं ते केरळात दिसतं. अष्टमुडी कायलात, म्हणजे तिथल्या बॅकवॉटरमध्ये, दक्षिण अमेरिकेचा चारू शिंपला शिरला आणि तिथल्या हिरव्या शिंपल्यांची जागा बळकावून बसला. याच कायलातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

जहाजं तोल राखायला पोटात जे बॅलास्ट पाणी भरतात, त्याचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. परदेशातून येणाऱ्या जहाजाने पोटातलं पाणी कुठे बदलायचं, कसं शुद्ध करायचं, हे तो सांगतो. एकाच देशाच्या पाण्यात फिरणाऱ्या जहाजांना मात्र तो लागू नाही. आणि तळाला चिकटून येणाऱ्या जिवांसाठी तर २०११ मध्ये केलेली, २०२३ मध्ये सुधारलेली निव्वळ मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पाळली तर पाळली. डार्विनचा शिंपला एका होडीच्या तळाला चिकटून आला, असंच मानलं जातं.

म्हणून दिघीला परदेशी जहाजाची धास्ती घ्यायची गरजच नाही. शिंपला मुंबईत येऊन पन्नास वर्षं होत आली. गोदीत महिनोन्महिने उभा राहिलेला एखादा बार्ज, एखादी टग, गाळ काढणारा एखादा ड्रेजर तळ न खरवडता दक्षिणेला निघाला, की काम झालं. मुंबईहून दिघी काही तासांवर आहे. इतक्या प्रवासात या शिंपल्याला काही होत नाही.

ही वाहतूक वाढणार आहे. २०२१ मध्ये दिघी बंदर ७०५ कोटी रुपयांना अदानी पोर्ट्सकडे गेलं. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघी आहे. क्षेत्र ६,०५६ एकर. जमीन एकरात मोजून झाली. धक्क्याच्या खांबांवर पाण्याखाली आज कोणकोणते जीव आहेत, याची यादीही आजच हवी, आणि ती लोकांना वाचता येईल अशी हवी. उद्या नवा जीव दिसला तर तो नवा आहे हे त्या यादीवाचून कळणार कसं? या शतकाच्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदराची अशी पाहणी केली आहे. पद्धत तयार आहे, जाणकार शेजारच्या राज्यात आहेत.

खर्चही डोळे पांढरे व्हावेत असा नाही. खाडीवरच्या दिघी, आगरदांडा, राजपुरी या तिन्ही ठिकाणी पाण्यात पट्ट्या टांगायच्या, ठरावीक दिवसांनी वर काढायच्या, काय चिकटलं ते पाहायचं आणि लिहायचं. दिघीला कामाला येणाऱ्या प्रत्येक बार्जला आणि ड्रेजरला निघण्याआधी तळ साफ केल्याचा दाखला मागायचा. कंत्राटात एक कलम घातलं की हे होतं. आणि ओहोटीला खडकावर कालवं फोडणाऱ्या बायकांना विचारायचं. नवा शिंपला दिसलाच, तर कुठल्याही अधिकाऱ्याआधी त्यांना दिसेल. तो त्यांनी कुणाकडे नेऊन द्यायचा, एवढं तरी मत्स्यव्यवसाय खात्याने या पावसाळ्याआधी ठरवावं.