जंतू फक्त मोठ्या शहरांत नसतात

औषधांना न जुमानणारे जंतू ही मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांची डोकेदुखी, त्याची एवढी चर्चा कशाला, असं मागील अंकातल्या पत्रात लिहिलं आहे. उज्जैनची रहिवासी म्हणून मला हे मुळीच पटत नाही.

आमच्याच गावात एका रुग्णालयाशी निगडित पाण्याची तपासणी झाली आहे. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं सापडली, औषधांना दाद न देणारे ई. कोलाय जंतूही सापडले. घेतलेल्या औषधाचा बराच भाग लघवीवाटे बाहेर पडतो, गटारात जातो. तिथे जे जंतू तग धरतात, ते आपला गुण इतरांनाही देतात. पुढे संशोधकांनी क्षिप्रा नदीचं पाणीही अभ्यासाला घेतलं. त्याच क्षिप्रेत २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात लाखो लोक बुडी मारणार आहेत!

‘याने कोण मरतं?’ असंही पत्रलेखक विचारतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बऱ्याचदा न्यूमोनिया किंवा सेप्सिस एवढंच लिहिलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंना ताप आला. दुकानदाराने चिठ्ठी न मागता पट्टी कात्रीने कापून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या दिल्या. दोन घेतल्यावर बरं वाटलं. उरलेल्या दोन अजून देवघराच्या कोनाड्यात आहेत, पुढच्या तापासाठी.

– एक वाचक, उज्जैन